मोडलेला लिलाव

आई, गेल्या कापणीच्या सणाला मी लिलाव मोडला. सगळ्या मंडळीसमोर, माईक हातात असताना. दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी मीच सांगते, कारण आपल्या चर्चमधलं जे कोण आता तुझ्याकडे वर येईल ते तिखटमीठ लावल्याशिवाय राहायचं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज ऐकलेली माणसंसुद्धा थोडीच उरलीत. पण लिलाव अजून तुझ्याच नावावर आहे. मी ओरडायला उभी राहिले की म्हातारी माणसं म्हणायची, आईचा गळा घेतलाय पोरीनं. घेतला असेल. दुसरं काय घ्यायला होतं तुझ्याकडे? शाळा माझी पाचवीतच सुटली, नंतर जे काय वाचते ते बायबल आणि गॅसच्या टाकीची पावती. पोळ्या लाटायच्या हातात पेन धरलंय, तर रेघ वाकडी जाईल. तू काही हसू नकोस.

आपल्याकडे शेत कुठं होतं? तू बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात मुलींच्या भाकऱ्या थापायचीस. पण कापणीच्या सणाला तुझ्याइतका थाट शेतवाल्यांचासुद्धा नसायचा. उपासना संपली की बाहेर ओट्यावर टेबल मांडायचं, त्यावर लोकांनी देवाला आणलेलं सगळं. कोबी, दुधी, अंडी, कुणाचा केक, घोटीकडच्या लोकांचे नवे तांदूळ. आणि तू टेबलामागे पदर खोचून उभी. दहाचा कोबी शंभराला घ्यायचा, घेऊन परत देवाला देऊन टाकायचा, की तोच कोबी पुन्हा लिलावात. बाहेरच्या माणसाला वाटेल ही काय येड्यांची जत्रा. "अहो मास्तर, बायकोच्या तोंडाकडे काय बघता, पाकीट तुमच्या खिशात आहे ना?" असं तू ओरडलीस की मास्तरांचे कान लाल. एक वार, दोन वार, आणि तिसऱ्याला तू असा हात आपटायचीस की अंडी उडायची.

एकदा दवाखान्यातला वॉर्डबॉय भरात येऊन एका टोपलीवर चढत गेला. त्याची बायको मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. तू कानामागे हात नेलास आणि म्हणालीस, "काय म्हणतोस बाबा? कान गेलेत माझे, काही ऐकू येत नाही." आणि आधीच्या माणसाच्या बोलीवर तीन वार करून मोकळी झालीस. घरी येताना मी विचारलं तर म्हणालीस, देवाला टोपली मिळाली असती पण त्याच्या पोरांचं दूध बंद झालं असतं. मी ते लक्षात ठेवलं. ओरडणाऱ्याला तोंड नुसतं मोठं असून चालत नाही, कान पण आपल्या ताब्यात पाहिजे.

पण मला लिंबूही आठवतं, आई. त्याच्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

चर्चचं छप्पर गळत होतं ते वर्ष. कोयरच्या बायका छत्री धरून गायच्या. सणाला तो रस्त्याचा ठेकेदार आला, आपला नव्हता, पण आला, आणि एका लिंबावर तो असा आकडा बोलला की तेव्हाच्या पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तू हात आपटलास. काय टाळ्या! मी तुझ्या पदराला धरून उड्या मारत होते. त्या पैशातून छप्पर झालं, चांगलं झालं, अजून गळत नाही. आणि त्याच ठेकेदारानं बोर्डिंगसमोरचा रस्ता खणला तो खणलेलाच ठेवला. दोन पावसाळे तू डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्या चिखलातून आलीस. शेजारच्या वस्तीतल्या बायका नगरपालिकेत तक्रार द्यायला निघाल्या, तुला बोलवायला आल्या. कमिटीतल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, आपण नको, त्यानं आपल्याला छप्पर दिलंय. तू गेली नाहीस. मला अजून दिसतंय, तू मोरीत उभी आहेस, पायावर पाणी ओततेस, गुडघ्यापर्यंत चिखल आहे आणि मी विचारतेय, आई, तू का नाही गेलीस त्यांच्याबरोबर? तू तांब्या आपटतेस. "छपराखाली कोरडी बसून प्रार्थना करतेस ना? मग गप बस." मला मार कमी लागायचा तुझा, पण हे लागलं.

आता इथलं ऐक. आमच्याकडे कितीतरी वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नाही, कोणाकडे जायचं ठाऊक नाही. नळाला गढूळ पाणी आलं तर विभागीय कार्यालयात जा, तिथं साहेब मीटिंगला गेलेले, उद्या या. उद्या गेलं तर साहेब साइटवर. मी एकदा खिडकीतून म्हटलं, साहेबाचा फोटो तरी लावा, निदान नमस्कार करून जाऊ. रांगेत माझ्यामागे एक काका होते, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, शर्टाला अशी इस्त्री की बोट कापेल. ते हसले. त्यांच्याच कॉलनीत मी चार घरी पोळ्या देते. त्यांनी आणि आपल्या पाळकसाहेबांनी मिळून समिती काढली. पाळकसाहेब तरुण आहेत, तुझ्यावेळी जन्मलेही नसतील. आपल्या हॉलमध्ये दर महिन्याला बसायचं, चर्चची माणसं, कॉलनीतली हिंदू माणसं, मशिदीकडचे दोघं-तिघं. नाव आणि धर्म दाराबाहेर चपलेबरोबर, असं काका म्हणायचे. कुठला रस्ता झाला म्हणून सांगितलं आणि झालाच नाही, कुठल्या पाइपाचं काम दोनदा निघालं, ते विचारायला सगळे मिळून जायचे. मीही जायचे. मला वाचायला वेळ लागतो, पण ओरडायला नाही लागत.

शेवटी निवडणूक लागणार अशी हवा सुरू झाली, तसं एका रविवारी हॉलमध्ये सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. मत विकायचं नाही आणि निवडणूक होईपर्यंत कुठल्याही उमेदवाराकडून काही घ्यायचं नाही, घरानं नाही, सोसायटीनं नाही, देवळानं, मशिदीनं, चर्चनं नाही. काय काय घ्यायचं नाही ते काका एकेक बोलत होते. साडी. पैठणीचे खेळ. देवदर्शनाची बस. पेव्हर ब्लॉक. मी मध्येच म्हटलं, "कुकर राहिला." हॉल हसला. मी म्हटलं, हसू नका, मागच्या वेळी आमच्या गल्लीत शिट्ट्या घराघरातून एका सुरात वाजायच्या. मग आणखी आठवेल ते मीच सांगत गेले. चांदीचा दिवा, छत्र्या, गणपतीच्या मंडळाला ढोल, नाताळला केक. हार आणि शालसुद्धा नाही, त्यांना घालायची नाही आणि त्यांच्याकडून घ्यायची नाही. मला वाटलं सगळी भोकं बुजवली. आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात लिलाव आला नाही, आई. यायचा कसा? सणाला आपण देतो असंच वाटतं. देताना कुणी घेतही असतं, हे छप्पर गळायचं बंद झाल्यावर कोण लक्षात ठेवतं?

तो आला सणाच्या दिवशी. आमच्या वॉर्डातून उभा राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊ म्हणतात त्याला, लहान पोरं पण भाऊ म्हणतात. पांढरे कपडे, दोन माणसं बरोबर, मागच्या बाकावर बसला. कुणी उठून पुढं बोलावलं नाही, हार नाही, की माईकवर नाव नाही. मला आमचा केवढा अभिमान वाटला. त्यानं पूर्ण उपासना ऐकली, गाण्याला उभा राहिला. मग ओट्यावर लिलाव सुरू झाला. तांदूळ गेले, दुधी गेला, केक काकांनी घेतला, ते दरवर्षी येतात. कोंबडा शेवटी असतो. घोटीकडच्या आपल्या म्हाताऱ्या बाबांनी आणलेला, लालभडक तुऱ्याचा, पायाला सुतळी. मी त्याला उचलला तर माझ्याच कानाला चोच मारली. मी म्हटलं, बघा, ह्यालासुद्धा माझी बडबड सहन होत नाही. सगळे खूश होते. बोली चढत होती, नेहमीसारखी, हसतखेळत. आणि मागून तो बोलला.

किती बोलला ते लिहीत नाही. लिंबाला लाजवेल एवढा. आधी कुणाला पटेना. मग टाळी वाजायला लागली आणि खजिनदारांचा चेहरा सणासारखा झाला. तुला ठाऊक नसेल, आपल्या कबरस्तानाची मागची भिंत दोन वर्षांपूर्वी पडली. पैसे जमत नाहीत. त्या बाजूनं लोक कचरा टाकतात. त्या एका कोंबड्यात ती अख्खी भिंत उभी राहिली असती.

मी तुझीच युक्ती केली. कानामागे हात नेला. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं." त्याच्याबरोबरच्या माणसानं तोच आकडा असा ओरडून सांगितला की रस्त्यावर रिक्षा थांबली. तेव्हा कळलं, ही युक्ती गरिबालाच लागू पडते. मी म्हटलं, एक वार. मी म्हटलं, दोन वार. आणि थांबले. कोंबडा माझ्या काखेत, माईक तोंडाशी, सगळं आवार माझ्याकडे बघतंय. खजिनदार दातातल्या दातात म्हणाले, "बाई, म्हण ना पुढचं." मी पाळकसाहेबांकडे बघितलं, ते आपल्या बुटांकडे बघत होते. काका उभे होते, पण ते पाहुणे, ते काय बोलणार.

भाऊच पुढे आला. हात जोडून, अगदी गोड. "ताई, मी उमेदवार म्हणून आलोय का? श्रद्धेनं आलोय. देवाला दिलेलं तुम्ही नाही म्हणणार?"

मी म्हटलं, "भाऊ, देवालाच द्यायचंय ना? मग मतदान झालं की या. देव कुठं पळून नाही चालला."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मग मी माईकवर सांगितलं की लिलाव संपला, कोंबडा विकायचा नाही, आणि माईक टेबलावर ठेवला. तो असा किंचाळला की लहान मुलं कान धरून पळाली. भाऊ हसत हसत सगळ्यांना नमस्कार करत गेला. जाताना त्याला शिव्या द्यायलासुद्धा काही जागा नव्हती.

मग माझी उलटतपासणी सुरू झाली. शपथ आम्ही सगळ्यांनी घेतली होती ना? तिथंच, त्याच हॉलमध्ये, हात वर करून? पण त्या दिवशी असं झालं की जणू मी एकटीनंच घेतली होती. एक म्हणाली, लिलाव शपथेत कुठं होता? दुसरी म्हणाली, हिची मुलगी पुण्याला सुखात आहे, नवरा गेला त्याला वर्षं झाली, मागं पुढं कोण नाही, हिला काय जातंय तत्त्व सांगायला. खजिनदार तर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्याच आईच्या उशाशी कुत्री फिरतात, आणि भिंत तूच पाडलीस." मी म्हटलं, भिंत पावसानं पाडली. पाळकसाहेब नंतर हळूच म्हणाले, तुम्ही बरोबर होतात, पण पद्धत जरा. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला पद्धत येत होती तर तोंड का नाही उघडलं? तेव्हापासून तेही जपूनच बोलतात. माझं तोंड असंच आहे, तूच दिलंस.

आणि कोंबडा! विकला नाही म्हणून घोटीच्या बाबांना परत द्यायला गेले तर ते दोन पावलं मागं सरले. "नाय बाई, देवाला दिलेला हाय त्यो. माझ्या घरात पाऊल नाय ठेवणार." मी घेऊन गेले असते तर चोरी झाली असती. तो आवारातच राहिला, पाळकांच्या घरामागे. आता रविवारी उपदेश चालू असताना आरवतो. तो आरवला की सगळी डोकी वळतात, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. कोयरमधला एक म्हणाला, पेत्रानं येशूला नाकारलं तेव्हाही कोंबडा आरवला होता, पण त्यानं तरी नंतर रडून घेतलं. मला हसू आलं, पण हसायला बरोबर कुणी नव्हतं, तर एकटीनं हसणं बरं दिसत नाही.

बुधवारची घरोघरची प्रार्थना असते, आळीपाळीनं. माझी पाळी आली. मी बटाटेवडे केले, तुझ्यासारखे, आलं जास्त घालून. सतरंजी घातली, गाण्याची पुस्तकं मांडली. कुणी आलं नाही. एकीचा फोन आला की पाहुणे आहेत, एकीचं डोकं दुखत होतं, बाकीच्यांनी तेही कळवलं नाही. पाळकसाहेबांना त्याच वेळी मयत निघालं, ते खरं होतं. मी सतरंजीवर बसले होते तेव्हा दार वाजलं. प्रेसवाले काका. त्यांना वाटलं समितीची बैठक माझ्याकडे आहे. सतरंजी बघितली, पुस्तकं बघितली, वड्यांचा डोंगर बघितला आणि समजले. म्हणाले, "मला तुमची प्रार्थना येत नाही हो. पण बसतो." मी म्हटलं, बसा. मी एक गीत म्हटलं, ते चुकीच्या ठिकाणी टाळी देत होते. मग प्रार्थना केली, ती काय केली आठवत नाही. आमेन म्हटल्यावर ते लगेच आमेन म्हणाले, आणि म्हणाले, चूक आपल्या सगळ्यांची आहे ताई, लिलाव आपण बोललोच नाही. मग वडे खाल्ले त्यांनी. बायकोसाठी बांधूनही नेले.

निवडणूक झाली. भाऊ आला निवडून. मी काय पाडणार होते त्याला एका कोंबड्यावरून? आता तो रस्त्यात दिसला की गाडी थांबवतो, काच खाली करतो आणि आपण चर्चमध्ये एकमेकांना करतो तसा हात कपाळाला नेऊन म्हणतो, "सलाम, ताई! कोंबडा बरा आहे ना?" त्याच रस्त्यावर आपल्याच मंडळीतल्या बायका मला बघून भाजीवाल्याशी भाव करायला लागतात. सलाम मला आता तोच करतो, आई. काय म्हणावं ह्याला?

समिती चालू आहे, पण चर्चची माणसं कमी येतात. मी, काका, मशिदीकडचे दोघं. परवा नाल्याच्या कामाचं विचारायला भाऊच्याच ऑफिसात गेलो. चहा आला. काकांनी घेतला नाही, मी घेतला नाही. त्यानं हसून तो परत पाठवला आणि नाल्याचं सांगितलं, खरं किती खोटं किती ते बघायला आता पुन्हा जायचं आहे. भिंत अजून पडलेलीच आहे. मतदान झालं, पण देवाला द्यायला तो काही आला नाही. रविवारी मी उपासनेनंतर मागच्या बाजूला जाते, काठी आपटून कुत्री हाकलते, तुझ्या दगडावरचा कचरा उचलते. एकटीच असते. बरंय, बोलता येतं.

यंदाच्या सणाला लिलाव खजिनदारांचा मुलगा ओरडणार आहे म्हणे. ओरडू दे. त्याचा आवाज बारीक आहे.

तुला विचारायचं हेच होतं की तू असतीस तर काय केलं असतंस. आणि मला माहीत आहे, म्हणून तर हे काळजात सलतंय. तू हात आपटला असतास. भिंत झाली असती, सगळे टाळ्या वाजवून जेवले असते, आणि पुन्हा कुणीतरी पावसाळाभर पाय धुतले असते मोरीत. तू वाईट होतीस असं नाही म्हणत. तुला छप्पर दिसत होतं, आणि खाली बसलेली आम्ही पोरं दिसत होतो. मला छपराचा राग नाही. तू तांब्या आपटलास त्याचाही आता नाही.

हे पत्र कुठं न्यायचं? दगडावर ठेवलं तर कुत्री फाडतील. घडी करून पोळपाटाखाली ठेवते, पीठ लागून लागून संपेल. फक्त एक लिहून टाकते, जे काकांनाही सांगितलं नाही. ते सगळीकडे सांगतात की ताई काय ठाम उभ्या राहिल्या. ठाम कसली. दोन वार म्हटल्यावर मी थांबले ते शपथ आठवून नाही. मी तुझी वाट बघत होते. मागून तू काहीतरी म्हणशील, म्हण म्हणशील नाहीतर गप बस म्हणशील, जे म्हणशील ते मी केलं असतं. कुणीच काही म्हणालं नाही.